कोरोनाचा काळा-पांढरा फोटो

पडद्यावरचा हा फिकट गोळा नीट पाहा. काठाला खुंटांसारखं काहीतरी दिसतंय. कोरोना विषाणूचा हा फोटो पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत काढलेला. नमुना भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातला, केरळमधून आलेला. फोटो प्रसिद्ध झाला मार्च २०२० मध्ये. आकार ७५ नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

शाळेत कांद्याचा पापुद्रा ज्यातून पाहिला, त्या सूक्ष्मदर्शकातून हा दिसणं शक्यच नाही. भिंग कितीही भारी आणा. अडचण काचेची नाही, प्रकाशाची आहे, हे जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच दाखवलं होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधलं अंतर, ४०० ते ७०० नॅनोमीटर. तिच्या साधारण निम्म्याहून कमी अंतरावरचे दोन ठिपके एकात एक मिसळतात. म्हणजे २०० नॅनोमीटरच्या आसपास गाडी अडते. त्यापुढे नुसता डाग मोठा होतो.

मग प्रकाशच नको! १९३१ मध्ये बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी इलेक्ट्रॉनचा, म्हणजे अणूतल्या सूक्ष्म कणांचा झोत वापरून सूक्ष्मदर्शक बनवला. हाच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. भिंगांच्या जागी तारेची वेटोळी. त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने झोत वळतो. एक लाख व्होल्टने वेग दिलेल्या या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००४ नॅनोमीटरहूनही कमी भरते. रुस्कांना नोबेल मिळायला मात्र १९८६ उजाडलं.

हवेत इलेक्ट्रॉन भरकटतात, म्हणून यंत्राच्या आत निर्वात. ओलं, जिवंत काही तिथे टिकत नाही. विषाणूचा थेंब तांब्याच्या तीनेक मिलिमीटरच्या जाळीवर ठेवायचा, टंगस्टनसारख्या जड धातूच्या क्षाराचं द्रावण सोडायचं, जादाचं टिपकागदाने टिपून घ्यायचं. धातू विषाणूभोवती साचतो आणि इलेक्ट्रॉन अडवतो. भोवताल गडद, विषाणू फिकट. खरं तर आपण पाहतोय ती धातूत उमटलेली त्याची बाह्याकृती.

आणि रंग? इलेक्ट्रॉनच्या चित्रात तो नसतोच. असतो तो मागाहून भरलेला. बातम्यांमध्ये झळकलेला लाल काट्यांचा करडा गोळा तर फोटोही नव्हता, संगणकावर काढलेलं चित्र होतं. तसं सांगायची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

म्हणून साधा सूक्ष्मदर्शक अडगळीत गेला असं मात्र नाही. मलेरियाचा संशय आला की रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून आजही त्याखालीच धरतात. तांबड्या पेशीत अंगठीसारखा दिसणारा तो परजीवी दोन-तीन मायक्रोमीटरचा, म्हणजे दोन-तीन हजार नॅनोमीटरचा, प्रकाशाच्या आरामात आवाक्यातला. त्यासाठी कोट्यवधींचं यंत्र कशाला?