डाव्या हाताचं बटण

(पडद्यावर: टेबलावर एक जुना कॅमेरा. नावाच्या जागी काळी चिकटपट्टी.)

हा कॅमेरा उचलून डोळ्याला लावला, की उजवं बोट सवयीनं बटण शोधायला जातं. तिथं काहीच नाही. बटण पुढच्या अंगाला, डावीकडे. रोल सरकवायची दांडीही डावीकडेच, आणि ती जवळजवळ पूर्ण फेरी होईपर्यंत ओढत न्यावी लागते. कुणा डावखुऱ्यानंच केलाय की काय, असं वाटावं. वरून बघा, बॉडी चौकोनी नाही, दोन्ही टोकांना तिरकी कापल्यासारखी. आणि आत चक्क एक छोटी सुरी. रोल अर्धाच झालाय पण फोटो आजच हवेत? तेवढा तुकडा कापायचा आणि धुवायला न्यायचा.

चिकटपट्टी काढायची गरज नाही. हा एक्झॅक्टा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या इहागे कंपनीचा.

सिनेमात कुणाच्या हातात कॅमेरा दिसला, की आमच्या घरी सिनेमा थांबतो. पॉज. दोन फ्रेम मागे. लेन्स कुठली, बटण कुठं, बोट कुठं. घरचे वैतागतात. पण ‘रिअर विंडो’ बघताना मी थांबवला नसता, तर त्या सिनेमातली एक गंमत मला कधी कळलीच नसती.

१९५४ सालचा हा आल्फ्रेड हिचकॉकचा सिनेमा. जेफ हा मासिकांसाठी फोटो काढणारा फोटोग्राफर. भूमिकेत जेम्स स्ट्युअर्ट. सुरुवातीलाच चित्रीकरणाचा कॅमेरा त्याच्या खोलीत एक चक्कर मारतो. प्लास्टरमधला पाय. चेंदामेंदा झालेला एक मोठा प्रेस कॅमेरा. भिंतीवर शर्यतीतल्या अपघाताचा फोटो, गाडीचं चाक उडून थेट आपल्या अंगावर येतंय. जेफ कोण आणि पाय कसा मोडला, हे एका शब्दाशिवाय कळतं.

हा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून समोरच्या बिऱ्हाडांत डोकावत असतो. एका शेजाऱ्याची बायको एकाएकी दिसेनाशी होते. जेफ आधी दुर्बीण उचलतो. तिनं भागत नाही, मग कॅमेरा काढतो. त्यावर हातभर लांब लेन्स: किलफिट कंपनीची फर्न-किलार, ४०० मिमी, एफ ५.६ (लेन्सचं तोंड किती उघडतं, ते सांगणारा आकडा). समोरचा माणूस सुरी आणि करवत कागदात गुंडाळताना दिसतो.

(पडद्यावर: तोच कॅमेरा, पुढे लांब लेन्स.)

कॅमेऱ्याचं नाव सिनेमात काळ्या पट्टीखाली आहे. नाव झाकता येतं हो, बटणाची जागा कशी झाकणार?

आता प्रश्न असा, की अमेरिकी फोटोग्राफरच्या हातात पूर्व जर्मनीतला कॅमेरा कशाला? ते शीतयुद्धाचे दिवस. उत्तर आतल्या आरशात आहे. लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात डोळा एका वेगळ्या खिडकीतून बघतो, लेन्समधून नाही. त्याला नुसती चारशेची लेन्स जोडली, तरी डोळ्याला शेजारी तेवढाच लांब दिसणार. एक्झॅक्टासारख्या एसएलआर जातीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो. लेन्स जे बघते, तेच डोळा बघतो. पन्नासच्या नॉर्मल लेन्सच्या आठपट मोठं. एक्झॅक्टाचा ३५ मिमी एसएलआर १९३६ पासून बाजारात होता. निकॉन एफ हा गाजलेला जपानी एसएलआर यायला अजून ५ वर्षं होती. थोडक्यात, आरसा नसता तर जेफला ती करवत दिसली नसती.

आणि आता ती गंमत. या अख्ख्या सिनेमात जेफ त्या शेजाऱ्याचा एकही फोटो काढत नाही. फोटोग्राफर आहे, हातात कॅमेरा आहे, पोलिसातला मित्र पुरावा मागतोय, आणि हा गडी नुसता बघत बसलाय!

मी बरीच वर्षं याला पटकथेतली चूक समजत होतो. आता जेफची बाजू घेतो. चारशेची लेन्स हातात धरून फोटो स्थिर यायला शटर सेकंदाच्या चारशेव्या भागाइतकं तरी वेगवान हवं. रात्रीची वेळ, दिव्याच्या उजेडातली खिडकी, लेन्सचं ५.६चं अरुंद तोंड आणि त्या काळची मंद, म्हणजे जास्त उजेड मागणारी फिल्म. शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवावं लागलं असतं. फोटोत खुनी नाही, पांढरट फराटा आला असता. शिवाय एक्झॅक्टाचा आरसा बटण दाबलं की वर जातो आणि ती डावीकडची दांडी पुन्हा ओढेपर्यंत खाली येत नाही. तोवर डोळ्यासमोर अंधार. ज्याला एक क्षणही नजर हटवायची नाही, तो क्लिक कशाला करेल?

जेफकडचं एकच फोटोचं सामान शेवटी कामाला येतं. फ्लॅशचे बल्ब. खुनी अंगावर चालून येतो आणि जेफ अंधारात एकेक बल्ब त्याच्या डोळ्यांवर उडवतो. तो बल्ब एकदाच जळतो, म्हणून दर वेळी जुना काढून नवा बसवायचा. तेवढ्यात खुनी एक पाऊल पुढे. आजचा फ्लॅश असता, तर या प्रसंगात दमच राहिला नसता.

याच्या आदल्याच वर्षीच्या ‘रोमन हॉलिडे’त फोटोग्राफर सिगारेट लायटरनं राजकन्येचे चोरून फोटो काढतो. तो लायटर खोटा नाही बरं का. इको ८, जपानी बनावटीचा, खरोखर फोटो काढणारा.

(पडद्यावर: लंडनचं मॅरियन पार्क. वाऱ्यानं हलणारी झाडं.)

१९६६. मिकेलांजेलो आंतोनिओनीचा ‘ब्लो-अप’. इथला फोटोग्राफर जेफच्या उलट: आधी भराभर क्लिक करतो, मग बघतो. या बागेत त्यानं एका जोडप्याचे फोटो काढले. डार्करूममध्ये प्रिंट मोठी करत गेला, तसं झुडपात पिस्तूल दिसू लागलं. की नुसतेच ग्रेन, फिल्मचे दाणे? प्रिंटचा पुन्हा फोटो, त्याची आणखी मोठी प्रिंट. शेवटी हातात उरतात फक्त ठिपके.

स्टुडिओत याच्याकडे हॅसलब्लाड हा मोठ्या निगेटिव्हचा कॅमेरा आहे. बागेत त्यानं नेला निकॉन एफ. निकॉनची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. हॅसलब्लाडची ५६ बाय ५६, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. त्या दिवशी तो हॅसलब्लाड घेऊन गेला असता, तर पिस्तूल होतं की नव्हतं याचा निकाल कदाचित लागला असता, आणि सिनेमा अर्ध्यातच संपला असता.

ही बाग पुढे मुंबईतही आली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या कुंदन शाहंनी १९८३ मध्ये ‘जाने भी दो यारों’ केला. विनोद आणि सुधीर हे दोन कफल्लक फोटोग्राफर बागेत फोटो काढतात, प्रिंट मोठी करतात आणि तिच्यात खून सापडतो. त्या बागेचं नाव ‘आंतोनिओनी पार्क’.

विनोद झालेल्या नसीरुद्दीन शाहंच्या हातातला निकॉन त्यांचा स्वतःचा होता. पैशांची इतकी ओढाताण, की अशा वस्तूही घरूनच आणायच्या. चित्रीकरण संपायच्या आत तो चोरीला गेला.