स्लाइम: घन की द्रव?

विषय जाहीर झाला आहे ‘स्लाइम घन की द्रव’ असा, स्लाइम म्हणजे गोंदात बोरॅक्स मिसळून मुलं खेळायला करतात तो ताणला जाणारा लिबलिबीत गोळा, आणि तिथवर आपण जाणारच आहोत. पण आधी चमच्याचा प्रश्न सोडवू, कारण घरोघरी स्लाइम बिघडतं ते तिथेच. “चिमूटभर बोरॅक्स टाका आणि ढवळा.” कुणाची चिमूट? सहा वर्षांच्या मुलीची की तिच्या बाबांची? पूड टाकायची की द्रावण, हेही कुणी धड सांगत नाही. पूड थेट गोंदात पडली की पडेल तिथेच कडक गोळी धरते, शेजारचा गोंद पातळच राहतो. मग तो घट्ट करायला आणखी एक चिमूट पडते, आणि शेवटी हातात येतं ते अर्धं रबर, अर्धी खळ.

तर द्रावणच करायचं. १०० मिलिलिटर गरम पाण्यात ४ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे साधारण एक लहान चमचा, सपाट. हे काम मोठ्यांनी करायचं आणि ती पूड मुलांच्या हाती द्यायची नाही. एकही कण तळाशी दिसेनासा झाला की निवू द्या. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार दागिने जोडताना वापरतात तोच. दुकानात मागताना बघून घ्या, कारण टाकणखाराची लाहीही मिळते. ती भाजून फुललेली असते, त्यामुळे चमच्याचं माप चुकतं. तुरटीचे खडे दिसायला तसेच, पण तुरटीने स्लाइम जमत नाही.

आता तीन वाट्या घ्या, पुन्हा स्वयंपाकात न जाणाऱ्या. प्रत्येकीत ३० मिलिलिटर पांढरा गोंद, फेव्हिकॉलची शाळेत नेतात ती बाटली चालते, आणि ३० मिलिलिटर पाणी. रंग घालायचा तर आत्ताच. जमलेल्या गोळ्यात तो नीट शिरत नाही, हातच रंगतात. बिनसुईची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते, तिने द्रावण सोडायचं: पहिल्या वाटीत ५ मिलिलिटर, दुसरीत १०, तिसरीत ३०. गोंद कोणता आहे त्यावर मधला आकडा थोडा मागेपुढे होतो.

मधल्या वाटीपाशी थांबा. दर मिलिलिटरनंतर मुलांनी ढवळायचं आणि चमचा उचलून धार बघायची. आधी धार सरळ खाली पडते. मग ती लांबते, तुटताना वर आखडते. मग एका थेंबानंतर सगळा ऐवज वाटीची कड सोडून चमच्याभोवती गोळा होतो. तिथे हात थांबला पाहिजे, आणि तो मुलाने स्वतः थांबवला पाहिजे. तुम्ही “बास” म्हणालात तर प्रयोग तुम्ही केलात, मुलाने फक्त ढवळलं. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे. बाकी दोन वाट्या मुद्दाम बिघडवायच्या आहेत. पहिलीतलं बोटं सोडत नाही, तिसरीतलं ओढताच तुकडे पाडतं आणि भोवती पाणी सोडतं.

हे का होतं? गोंदात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट आणि पॉलिव्हिनाइल अल्कोहोल यांच्या लांबच लांब साखळ्या असतात, वाडग्यातल्या शेवयांसारख्या एकमेकींवरून सरकणाऱ्या. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेट आयन तयार होतात. हा आयन दोन साखळ्यांवरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या पकडून मधे गाठ मारतो. गाठी कमी तर चिकट, जास्त तर कडक.

इथे एक तक्रार मांडायलाच हवी, ती म्हणजे ‘बोरॅक्स-फ्री’ पाककृतींची. गोंद, खाण्याचा सोडा आणि कॉन्टॅक्ट लेन्स धुण्याचं पाणी. आईवडिलांना वाटतं, चला, रसायन टळलं! पण त्या पाण्यात बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट असतं म्हणून तर स्लाइम जमतं. सोडा मिश्रण अल्कधर्मी करतो आणि बोरिक ॲसिडाचं बोरेट होतं. म्हणजे बोरॅक्समधलं मूलद्रव्य बोरॉन घरात आलाच, फक्त नाव न सांगता आला. लेन्सच्या काही द्रावणांत बोरॉनचं संयुग नसतंच. तशी बाटली आणली तर अख्खी ओतूनही गोंद पातळच राहतो. म्हणून बाटलीवरचे घटक वाचा. बरीचशी कॅरम पावडरसुद्धा बोरिक ॲसिडच असते. हे पोटात जाता कामा नये, हाताला चीर असेल तर खेळ नको, खेळून झालं की हात साबणाने धुवायचे. सगळं तोंडात घालणाऱ्या वयाला मक्याचं पीठ, म्हणजे पांढरं कॉर्नफ्लॉअर, आणि पाणीच द्या, दोनास एक.

आणि गंमत बघा, १९७६ साली मॅटेल कंपनीने डबीतून विकलेलं हिरवं स्लाइम गोंदाचं नव्हतंच, ते होतं गवार गमचं! आपण भाजी करतो त्या गवारीच्या बियांचं, आणि गवार गमचा सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे. १०० मिलिलिटर पाणी ढवळत ठेवून त्यावर १ ग्रॅम पूड भुरभुरवा. एकदम टाकली तर बाहेरून भिजलेल्या, आत कोरड्या गुठळ्या होतात. पाणी दाटलं की तेच टाकणखाराचं द्रावण, ५ मिलिलिटरपर्यंत, थेंबाथेंबाने.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ प्रश्न आता भरभर. बोरेटच्या गाठी कायमच्या नसतात, सतत सुटतात आणि पुन्हा बसतात. सावकाश ओढलं तर गाठींना सुटून दुसरीकडे बसायला वेळ मिळतो, स्लाइम वाहतं. हिसका दिला तर तो वेळ मिळत नाही, कडकन तुटतं. गोळा ताटलीत ठेवून द्या, थोड्या वेळाने पसरलेला दिसेल. म्हणून घन की द्रव, याचं उत्तर तुम्ही त्याला किती वेळ देता यावर आहे. पदार्थाला सैलावायला लागणारा वेळ भागिले आपण बघतो तो वेळ, या गुणोत्तराला मार्कस रायनर यांनी १९६४ मध्ये डेबोरा अंक हे नाव दिलं. फ्रीजमध्ये ठेवलेलं स्लाइम लवकर तुटतं, कारण थंडीत गाठी हळू सुटतात. मक्याच्या पिठाचं प्रकरण वेगळं. तिथे गाठी नाहीत, दाब पडला की कण एकमेकांत अडकतात.

गाठी सोडवायच्या असतील तर व्हिनेगर. आम्लात बोरेटचं पुन्हा बोरिक ॲसिड होतं आणि पकड सुटते. कडक गोळ्यात दोन-चार थेंब मळा, तो सैल होईल. कपड्यावर चिकटलं तर तिथे व्हिनेगर लावून दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि टाकायचं झालं तर कचऱ्याच्या डब्यात टाका, बेसिनमध्ये नको, पाइप तुंबतो.