तिरितिरीची झाडं

नमस्कार श्रोतेहो.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराजवळ, हौराकी आखातात, तिरितिरी मातांगी नावाचं एक बेट आहे. बोटीनं तिथं जायचं तर निघण्याआधी पिशव्या उघडून बघाव्या लागतात. आत उंदीर नाही ना, मुंग्या नाहीत ना? बुटाच्या तळव्याला चिकटलेली माती आणि बियासुद्धा झाडून टाकायच्या. मला आधी हे जरा अतीच वाटलं. बेटावर अर्धा तास हिंडले आणि पटलं. तिथले कितीतरी पक्षी जमिनीलगत वावरतात, उंदरापासून जीव वाचवणं त्यांना ठाऊकच नाही. एक गाभण उंदरीण पोचली, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

बेट अवघं 220 हेक्टरचं. शंभराहून अधिक वर्षं तिथं शेती आणि चराई चालली, आणि मूळचं रान जेमतेम 6 टक्के उरलं, तेही घळींमध्ये. मग 1984 ते 1994 या दहा वर्षांत स्वयंसेवक बोटीतून येत राहिले आणि अडीच ते तीन लाख रोपं लावून गेले. बी शक्यतो त्या घळींतल्या जुन्या झाडांचंच, रोपवाटिकाही बेटावरच. उंदीर 1993 मध्ये संपवले. आज त्या झाडांखालून चालताना ऊन अंगावर येत नाही, आणि डोक्यावर इतका किलबिलाट की सोबतच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागतं.

पण सगळं बेट झाडांनी भरलेलं नाही. बराच भाग मुद्दाम गवताळ ठेवलाय. हा निर्णय मला झाडं लावण्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण ताकाहेला गवत लागतं. आपल्या जांभळ्या पाणकोंबडीची थोरली बहीण शोभेल असा हा पक्षी, निळा-हिरवा, लालभडक चोचीचा, उडता न येणारा. तो नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते. 1948 मध्ये न्यूझीलंडच्या मोठ्या दक्षिण बेटावरच्या डोंगरांत पुन्हा सापडला. माझ्यासमोर एक ताकाहे गवताचं पातं उपटून, पायात धरून, बुडखा तेवढा खात होता. मी चार पावलांवर उभी, त्याला माझी फिकीर नाही.

किनाऱ्याजवळ छोट्या पेंग्विनांसाठी लाकडी झाकणाची घरटी केली आहेत. झाकण अलगद उचललं. आत अंधारात एक गडद निळी पाठ हलली. लगेच झाकण लावलं.

आणि ‘हिही’ नावाचा पक्षी. हा चिमुकला पक्षी एकेकाळी फक्त हाउतुरू या एका बेटावर उरला होता. इथं त्याला 1995 मध्ये आणलं. फुलांतला मध पुरत नाही म्हणून त्याच्यासाठी साखरपाणी ठेवतात. भांडी स्वच्छ नसली तर पक्षी आजारी पडतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा घासून भरावी लागतात. झाडं लावून तीस-चाळीस वर्षं झाली, घासणं अजून चालूच आहे.