पातळ हात, कोरडा दिवस

नमस्कार श्रोतेहो. लाकडाला स्टेन मारला, रंगही मनासारखा आला, आता वरून काय लावायचं? आजचं बोलणं एवढ्यापुरतंच. एक गोष्ट आधीच सांगते, आणि पुन्हाही सांगणार आहे: स्टेन म्हणजे नुसता रंग. पाणी, तेल, गरम कप यांपासून तो लाकडाला वाचवत नाही. त्यासाठी वर पारदर्शक थर लागतोच.

आता कुठला? लाखेचं स्पिरिट पॉलिश दिसायला देखणं, पण गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. शिवाय तुमचा स्टेन स्पिरिटचा असेल, तर हे पॉलिश फडक्यानं लावताना खालचा रंगही फडक्यावर येतो. मेलामाइन पॉलिश टणक खरं, पण त्यात हार्डनर, म्हणजे ते कडक करणारं रसायन, मापून मिसळा, मिसळलं की काही तासांत संपवा, वर तो उग्र वास. ते कारागिरांना लखलाभ. नवशिक्यानं सरळ एका डब्यातलं, ब्रशनं मारायचं तेलाधारित पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, वार्निश घ्यावं. सावकाश वाळतं, त्यामुळे ब्रशच्या रेघा आपसूक बसतात. पातळ हात मारायचा आणि कोरडा दिवस बघायचा, बस्स.

हे शहाणपण मला कुठे मिळालं, ते सांगते.

सासरी, कोकणात, आमचा दीड दिवसाचा गणपती. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी मी हौसेनं आंब्याच्या लाकडाचा जुना चौरंग काचपेपरनं घासला आणि त्याला अक्रोडी स्टेन मारला. (आंब्याला स्टेन ठीक आहे हो, पण फणसाच्या लाकडाला कुणी स्टेन मारताना दिसलं की माझा जीव तुटतो. ते मुळातच पिवळंधम्मक, आणि वयाबरोबर सुंदर तांबूस होत जातं. त्याला कशाला रंगवायचं? असो.) रंग असा उतरला की धाकटे भावोजी म्हणाले, "वहिनी, नवा आणलात?" झालं, मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

चतुर्थीला चार दिवस उरले होते. बाहेर धो धो पाऊस. ह्याच पीयू वार्निशचे तीन पातळ हात मारत कोण बसणार? एकच जाड हात मारला, पुरणपोळीवर तूप ओतावं तसा. दुसऱ्या दिवशी बोट लावून पाहिलं, चिकटत नव्हतं. चौरंग नुसता चमकत होता.

गणपती आले. चौरंगावर लाल कापड, त्यावर थोड्या अक्षता, त्यावर पाट आणि पाटावर शाडूची जड मूर्ती. दोन्ही बाजूंना समया. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, आणि भावोजींनी नि ह्यांनी "गणपती बाप्पा मोरया" म्हणत पाट उचलला. पाटाबरोबर चौरंगही वीतभर वर आला! आणि दाणकन खाली. टाळ थांबले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, चौरंगासकट पाठवायचंय की काय?" शेवटी एकानं मूर्ती धरली, दोघांनी चौरंग दाबला आणि थालीपिठाचं उलथनं सारून पाट सोडवला. कापड मात्र तिथेच राहिलं. नंतर ते सोलून काढलं, तर वार्निशवर त्याची वीण जशीच्या तशी, आणि पाच-सहा तांदूळ रुतलेले.

झालं काय होतं? हे वार्निश हवेतल्या ऑक्सिजननं वाळतं. जाड थर दिला की वर साय धरते आणि खालच्याला हवाच मिळत नाही. सायीखाली दूध पातळच असतं ना, तसं. त्यात पावसाळी हवा.

म्हणून पुन्हा सांगते, पातळ हात, कोरडा दिवस. आधी स्टेन पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस. मग तीन पातळ हात, दिवसाला एक. हवा दमट असेल तर दोन दिवसांनी एक. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबरचा काचपेपर हलकेच फिरवा. पहिल्या हातानंतर तर फारच जपून, नाहीतर खालचा स्टेन खरवडून निघतो. डबा खळाखळा हलवू नका, बुडबुडे येतात, काठीनं ढवळा. आणि चकचकीत ग्लॉसच्या नादी लागू नका, त्यात धुळीचा कणन्‌कण दिसतो. सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं, घ्या. लग्नाच्या हॉलसारखी चकाकी घरात हवीच कशाला?

एक मात्र विसरू नका: वार्निशची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

आणि वाळलं की नाही हे बोटानं ओळखू नका. नाक जवळ न्या. टर्पेन्टाइनचा वास येतोय, म्हणजे आत अजून ओलं आहे. तो चौरंग मी पुढे माघात खरवडून नव्यानं केला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पण आजही चतुर्थीच्या आदल्या दिवशी सासूबाई चष्मा काढतात, वाकतात आणि चौरंगाला नाक लावून बघतात.

नमस्कार.