आधी झडती, मग नमन

(नागपुरातल्या एका युवा भक्तिकाव्य स्पर्धेच्या बक्षीस समारंभात परीक्षकाने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

पोट्टे हो! बाहेरगावच्या पाहुण्यांना हा शब्द खटकेल, पण आमच्याकडे तो लाडाचा आहे.

परीक्षकाने लवकर आटपावं, कारण समोरच्यांना फक्त निकाल हवा असतो. पण निकालाचं पाकीट अजून इथे पोचलेलं नाही, तेव्हा तुम्हाला मला ऐकावंच लागेल.

तुमच्या कवितांचा गठ्ठा पंधरा दिवस माझ्या टेबलावर होता. जवळजवळ प्रत्येक कवितेत चंद्रभागा वाहते. वाळवंट आहे, वीणा आहे, तुळशीमाळ आहे. पंढरपूरला किती जण गेलात? हात वर करा. चार. म्हणजे बाकीच्यांची चंद्रभागा उसनी. उसनवारीला माझी हरकत नाही, पण आपल्या गावात नाग नदी असताना... बरं, नाग नदीवर भक्तिगीत लिहिणं कठीण आहे, मान्य. (हशा)

खरं तर भक्तिकवितेची स्पर्धा आपल्याकडे नवी नाही. पोळ्याला गावात तोरणाखाली बैल उभे राहतात. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल. मग एकेक गडी पुढे येऊन झडती, म्हणजे टोमणे मारणारं यमकाचं गाणं, म्हणतो. एकाची संपली की दुसऱ्याने त्याच्यावर चढ म्हणायची. तिथे प्रमाणपत्र नाही, शाल-श्रीफळ नाही. लोक ओरडले की जिंकलास. झडतीत सावकार येतो, कापसाचा भाव येतो, पाटलाचा कंजूषपणा येतो. सगळ्यांची उणीदुणी काढून झाली की शेवटी ठरलेली ओळ: ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला, हर हर महादेव!’ मग तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. दुसऱ्या दिवशी शहरात मारबत, म्हणजे वाईटाची पुतळी, मिरवत निघते. तिथेही तेच. त्या वर्षी जे जे नकोसं झालं असेल, ते ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक तिच्या गळ्यात बांधतात.

आधी झडती, मग नमन, असा हा क्रम. तुम्ही मला नुसतं नमन पाठवलंत.

झडती म्हणजे खिसे उलटे करायला लावणं. जनाबाईने विठोबाची अशीच झडती घेतली. त्याला ‘विठ्या’ म्हणाली, ‘कारट्या’ म्हणाली. आणि ही नामदेवांच्या घरची दासी, दळण-कांडण करणारी. तुमच्या कवितेतला देव मात्र इतका मोठा साहेब आहे की त्याच्या केबिनचं दार वाजवायलाही तुम्ही घाबरता.

एका मुलीने वाजवलं. ती शहराबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये राहते, इतकंच तिच्या अभंगावरून कळतं. ऐका:

विहिरीचे पाणी। आटले उन्हाळी।
टँकरची पाळी। तुझी केव्हा॥

मोजून बघा. मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. तुमच्यापैकी अनेकांनी वर ‘अभंग’ लिहून खाली वाट्टेल तितकी अक्षरं भरली आहेत. टाळ घेऊन म्हणायला बसलात तर दुसऱ्या ओळीत पडाल. या मुलीने हिशेब चोख ठेवला आणि शेवटच्या चार अक्षरांत देवालाच पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, घेऊन रांगेत उभं केलं. आता माझी कबुली. पहिल्या वाचनात मी तिला दहापैकी पाच दिले होते. का, तर ‘टँकर’ हा शब्द अभंगात शोभत नाही म्हणून! दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना तीच ओळ तोंडात आली, तेव्हा कागद शोधून काढला आणि आकडा खोडला.

दुसरा प्रसंग वादाचा. ‘कोणत्याही धर्माची भक्तिकविता’ असं नियमात छापलं होतं. एका मुलाने आपल्या आजीवर लिहिलं. आजी दरवर्षी दीक्षाभूमीवर येते, फडक्यात भाकर बांधून, आणि अक्षरओळख नसताना जाताना एक पुस्तक विकत घेते. आमच्यातले एक परीक्षक म्हणाले, यात देव कुठे आहे, मागणं कुठे आहे? मी म्हटलं, साहेब, त्रिशरणात शरण जाणं आहे, पंचशीलात स्वतःलाच घातलेले नियम आहेत; मागणं त्यात नसतंच. १४ ऑक्टोबर १९५६ ची बाबासाहेबांची धम्मदीक्षा ज्या शहरात घडली, तिथल्या स्पर्धेत ही कविता बाद करायची असेल तर माझंही नाव पत्रिकेवरून काढा. थोडा आवाज चढला माझा. चहा आला म्हणून निभावलं.

याच नागपुरात नारायण वामन टिळक काही काळ नोकरीला होते. १८९३ साली राजनांदगावच्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, त्याने बायबल वाचायला दिलं आणि १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, पण अभंग नाही सोडला, ओवी नाही सोडली. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, असं ते सांगत. तेव्हा छंद कुणाच्या बापाचा नाही. पाहिजे त्याने घ्यावा, फक्त अक्षरं मोजावीत.

पाकीट आलं वाटतं. ते फोडेपर्यंत, कुणाला झडती येते का? तो मागे, खांबाजवळ, हात अर्धाच वर केलेला. ये बाबा पुढे, माईक घे. परीक्षकावर म्हणणार असशील तरी म्हण.