अंगठ्याचं काम

अकूस्टिक गिटारवर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, शिकायला आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, ‘सर, सोलो कधी?’ मीही त्यातलाच. सहा महिने डाव्या हाताची करामत केली. मग एका जाणत्यानं सांगितलं, ‘वाजवता वाजवता माझ्याशी बोल.’ मी नुसतं ‘हो’ म्हणालो आणि उजव्या हाताचा, जाड तारांवर ताल धरणारा अंगठा थांबला. पितळ उघडं!

पुढचे दोन महिने फक्त उजवा अंगठा. ई कॉर्डमध्ये (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) सहावी, सर्वांत जाड तार मोकळी, न दाबता; एमध्ये पाचवी मोकळी. म्हणजे खर्ज सांभाळायला डावा हात लागतच नाही, म्हणून सुरुवात ईमध्ये. तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे बसवलेल्या असतात तिथे, हलकी टेकवायची, ठोका बुजरा, ‘ठुक ठुक’ असा आला पाहिजे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘अजून जुळवतोयस का रे?’

साचा साधा आहे. बारा बार, प्रत्येकी चार मात्रा. चार बार ई, दोन ए, दोन ई, मग बी सेव्हन एक, ए एक, आणि शेवटचे दोन पुन्हा ईकडे आणणारे. एक ओळ गायची, तीच पुन्हा, मग तिसरी वेगळी. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, पण गाणं साधारण दोनांत संपतं. उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. सोलो सोलो म्हणतात तो मुळात हा जबाब. आणि ब्लूजचा गायक-गिटारवादक लाइटनिंग हॉपकिन्स तर बारसुद्धा मोजत नसे; मनात येईल तेव्हा कॉर्ड बदलायचा. पण ते त्याला शोभतं.

अंगठा ऐकायचा तर ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्ट ऐका. 1928 साली ओके कंपनीसाठी त्यानं रेकॉर्डिंग केलं, खप बेताचाच झाला, आणि हा गडी शेतीकामाला परतला. एका गाण्यात त्यानं आपल्या गावाचं, अ‍ॅव्हलॉनचं, नाव घेतलं होतं. त्या धाग्यावरून 1963 मध्ये लोक त्याच्या दारात पोचले. त्याचा अंगठा एका जाड तारेवरून दुसरीवर, दुसरीवरून परत त्याच तारेवर, झोपाळ्यासारखा. वर बोटं चाल वाजवतात. दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं.

आता डावा हात. पहिली, सर्वांत बारीक तार, तिसरा पडदा. ईला सा धरला तर हा कोमल गंधार. तार बोटानं किंचित ओढा, शुद्ध गंधारापर्यंत जाऊ नका, अलीकडेच थांबा. हार्मोनियमवर या स्वराला पट्टी नाही. ब्लूजचा सगळा कढ त्या फटीत आहे. मींड ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला तो लवकर सापडतो, बोटाला मात्र वेळ लागतो. म्हणून म्हणतो, जाड तारा लावू नका. अकरा नंबरच्या पुरेत, नाहीतर बोटं सोलतील.

थांबा, वाजवूनच दाखवतो. तुम्ही काहीही विचारा, मी उत्तर देतो. लक्ष माझ्या अंगठ्यावर ठेवा.