गोल कुणाचा?

(पडद्यावर: लॅक्रॉसचं मैदान. गोलच्या जाळीमागे एकटा उभा असलेला खेळाडू. हेल्मेटखालून पाठीवर आलेली लांब काळी वेणी.)

या गड्याकडे नीट बघा. तो गोलच्या मागे उभा आहे.

फुटबॉलमध्ये या जागी बॉल आणून देणारी पोरं उभी असतात. लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही मैदान असतं, आणि सगळं कारस्थान तिथेच शिजतं. गोलकीपरची मात्र कोंडी होते. समोर दोघं-तिघं स्टिक उचलून टपलेले, आणि बॉल पाठीमागे. वळून बघितलं तर समोरचे निसटतात, नाही बघितलं तर बॉल कधी सुटला ते कळत नाही.

वेणीवाला उजवीकडे दोन पावलं टाकतो. त्याला अडवणारा खेळाडूही दोन पावलं सरकतो. तेवढ्यात जाळीवरून बॉल पलीकडे गेलेला असतो. पलीकडे वेणीवाल्याचा थोरला भाऊ. त्याने बॉल झेलला कधी आणि मारला कधी, हे वेगवेगळं दिसतही नाही. गोल!

फलकावर नाव लागतं थोरल्याचं, माइल्स थॉम्पसनचं. वेणीवाला आहे लाइल थॉम्पसन. साल २०१४, संघ अमेरिकेतल्या ऑल्बनी विद्यापीठाचा. आणि इथूनच वादाला तोंड फुटतं.

(पडद्यावर: स्टिकचं जाळं, त्यात डुलणारा पांढरा बॉल. अगदी जवळून.)

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. दहा-दहा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात टोकाला जाळी लावलेली स्टिक. बॉल भरीव रबराचा; लागला की कळतं. तो जाळीत ठेवून पळायचं, आणि पळताना मनगट सतत हलतं ठेवायचं, बाळाला जोजवल्यासारखं, म्हणजे बॉल पडत नाही. गोल सहा फूट रुंद, सहा फूट उंच.

नियम बाकी पुष्कळ आहेत, ते राहू द्या. आपल्या गोष्टीला एकच हिशेब लागतो. गोल केला की खेळाडूच्या नावावर एक गुण. ज्याच्या पासवर गोल झाला, त्याच्याही नावावर एक गुण, त्याला असिस्ट म्हणतात. म्हणजे वाढणारा आणि जेवणारा, दोघांची पुण्याई सारखी. कागदावर तरी. टाळ्या वाजवणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो.

(पडद्यावर: न्यूयॉर्क राज्याचा नकाशा. सिरॅक्यूज, आणि पूर्वेला ऑल्बनी.)

ऑल्बनी ही न्यूयॉर्क राज्याची राजधानी. इथलं विद्यापीठ सरकारी. लॅक्रॉसच्या दुनियेत मात्र तेव्हा त्याला वरच्या पंगतीत कुणी बसवत नव्हतं. दबदबा होता सिरॅक्यूज विद्यापीठाचा. थॉम्पसन बंधू ओनोन्डागा या अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्राचे, आणि ओनोन्डागांची भूमी सिरॅक्यूज शहराला अगदी लागून. सिरॅक्यूज म्हणजे घराशेजारचं विद्यापीठ. तरी माइल्स, लाइल आणि त्यांचा चुलतभाऊ टाय, तिघेही प्रशिक्षक स्कॉट मार यांच्या ऑल्बनीत जमले. तिघेही आक्रमणात. लॅक्रॉसमध्ये आक्रमक असतात तीनच. म्हणजे ऑल्बनीची पुढची फळी हे एकच घर होतं.

विद्यापीठात येण्याआधीचं त्यांचं बाळकडू म्हणजे बॉक्स लॅक्रॉस. आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत, चहूबाजूंनी भिंती, गोल चार फुटी, आणि समोर जाडजूड पॅड घातलेला गोलकीपर. अशा दाटीवाटीत जो वाढला, त्याला मोठ्या मैदानावर ऐसपैस वाटणारच. पाठीमागून मारलेला शॉट, खांद्यावरून न बघता दिलेला पास, हे बाकीच्यांना नखरे वाटायचे. या तिघांचं ते रोजचं होतं.

(पडद्यावर: ११३. खाली: ११४.)

२०१३ मध्ये लाइलने एका हंगामात ११३ गुण केले. विक्रम होता ११४ चा, मेरीलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठाच्या स्टीव्ह मरोल यांचा, १९९२ सालचा. एक गुण कमी पडला. क्रिकेटमध्ये नव्व्याण्णववर बाद झालेल्याची हळहळ आपल्याला ठाऊक आहे. पण तो फलंदाज पुढच्या आठवड्यात पुन्हा बॅट घेऊन उतरतो. इथे पूर्ण वर्ष थांबायचं. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरवणाऱ्या टेवारॅटन पुरस्काराच्या अंतिम यादीत लाइल होता, पण तो पुरस्कारही कॉर्नेलच्या रॉब पॅनलकडे गेला.

मग आला २०१४. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्या दिवसांत तिकडच्या उघड्या स्टेडियमवर बसायचं म्हणजे नाकाचा शेंडा बधिर. मे महिन्यापर्यंत कोट उतरतात आणि आकडे चढतात. लाइलचे आकडे चढतच गेले. ११४ मागे पडले. तो थांबला १२८ वर.

गंमत अशी की ११४ मागे टाकणारा तो एकटा नव्हता. त्याच हंगामात माइल्सचे ११९ झाले. बावीस वर्षं टिकलेला विक्रम, आणि एकाच घरातल्या दोघांनी एकाच वसंतात ओलांडला.

(पडद्यावर: दोन स्तंभ. माइल्स: गोल ८२, असिस्ट ३७. लाइल: गोल ५१, असिस्ट ७७.)

आता चाहत्यांना चघळायला याहून चांगला विषय कुठला? माइल्सचे ८२ गोल म्हणजे येलच्या जॉन रीस यांनी १९९० मध्ये केलेल्या विक्रमाची बरोबरी. गोल मोजणारा माणूस म्हणणार, तारा माइल्सच. लाइलच्या बाजूचा म्हणणार, अहो, त्याला घास भरवला कुणी? त्यावर माइल्सवाल्याचं उत्तरही तयार असतं: भरवलेला घास गिळायलाही तोंड लागतं. सहा फुटी गोल, मध्ये गोलकीपर, अंगावर धावून येणारे दोन बचावपटू, आणि त्यातून ब्याऐंशी वेळा बॉल आत. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

दोन्ही बाजू ऐकून मी लाइलच्या पारड्यात बसतो. कारण तो ७७ चा आकडा. सत्याहत्तर असिस्ट, मरोल यांच्या १९९२ च्या असिस्टच्या विक्रमाला टेकलेले. गोलमागे उभं राहून आपल्याला काय दिसतंय यापेक्षा समोरच्या भावाला पुढच्या क्षणी काय दिसणार आहे, हे ओळखणं ही वेगळीच विद्या. आणि वर स्वतःचे ५१ गोल आहेतच. वाढपी म्हणून आला आणि पंगतीत बसून जेवूनही गेला.

पुरस्कार देणाऱ्यांची अडचण आपल्यापेक्षा मोठी होती. त्यांना निकाल द्यायचा होता. त्यांनी तो दिला दोघांना मिळून. टेवारॅटन हा पुरस्कार २००१ पासून दिला जातो. तो विभागून देण्याची ती पहिलीच वेळ. आणि गोष्ट इतकीच नाही. टेवारॅटन हे लॅक्रॉसचं मोहॉक या आदिवासी राष्ट्राच्या भाषेतलं नाव. चषकावरचा ब्राँझचा खेळाडू मोहॉक. सोहळा वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन इंडियन संग्रहालयात. आणि तरीही आदिवासी राष्ट्रांतल्या खेळाडूच्या हातात तो पहिल्यांदा आला २०१४ मध्ये. तेरा हंगाम घराचं नाव लावलेली पाटी, आणि घरातलाच माणूस उंबऱ्याबाहेर.

(पडद्यावर: हिकरीची लाकडी स्टिक, वाफेवर वाकवलेलं टोक.)

ओनोन्डागा, मोहॉक आणि त्यांच्यासोबतची इतर राष्ट्रं मिळून होडिनोशोनी संघ होतो. लॅक्रॉस त्यांचा. ते याला निर्मात्याने दिलेला खेळ मानतात, औषधी खेळ म्हणतात; कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी सामना खेळतात. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटी लाकडी स्टिक ठेवायची, माणूस गेला की त्याच्यासोबत त्याची स्टिक द्यायची, ही तिथली रीत.

ऑल्बनीच्या २०१४ च्या हंगामाचा शेवट मात्र गोड झाला नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत ऑल्बनीने मानांकित लॉयोलाला १३-६ असं धुतलं. उपांत्यपूर्व सामना नोटर डेमशी. ऑल्बनी पुढे होती, चांगली पुढे. मग एकेक गोल करत नोटर डेमने गाठलं आणि जादा वेळेत १४-१३ ने सामना काढून घेतला. ऑल्बनी तोवर कधीच उपांत्य फेरीत पोचली नव्हती. ती पोचली २०१८ मध्ये, थॉम्पसन मंडळी गेल्यावर.

लाइल २०१५ चा हंगाम खेळला, आणखी १२१ गुण केले, चार वर्षांची बेरीज बरोबर ४००. टेवारॅटन पुन्हा मिळाला, या वेळी एकट्याला. पुढे व्यावसायिक लीग. तिथे २०१९ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका सामन्यात स्टेडियमच्या निवेदकाने माइकवरून त्याची वेणी कापण्याची भाषा केली. त्या माणसाची नोकरी गेली. माइकसमोर बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील गाळावासा वाटला होता. म्हणून गाळला नाही.

(पडद्यावर: मुंबई, ऑक्टोबर २०२३.)

आता थोडं आपल्या दारात. १६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक मुंबईत होती. लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटला मान्यता मिळाली, आणि आपण दिवाळीआधीच फटाके वाजवले. त्याच मतदानात, त्याच यादीत लॅक्रॉसही होता. सहा-सहा खेळाडूंचा छोटा प्रकार. आपल्या बातम्यांत त्याला एखादं वाक्य मिळालं असेल.

होडिनोशोनींचा संघ जागतिक स्पर्धांत स्वतःच्या झेंड्याखाली उतरतो. २०१४ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्याआधी २०१० मध्ये मँचेस्टरची स्पर्धा हुकली, कारण ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मानले नाहीत. ऑलिंपिकची अडचण त्याच जातीची. ऑलिंपिकमध्ये देश खेळतात, देशाला ऑलिंपिक समिती लागते, आणि यांच्याकडे ती नाही. अमेरिकेच्या अध्यक्षांनीही २०२३ च्या डिसेंबरात त्यांची बाजू उचलून धरली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडून नियमाकडे बोट दाखवून उत्तर आलं, की इच्छा असेल त्या खेळाडूंनी अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावं.

(पडद्यावर: पुन्हा पहिलं दृश्य. जाळीमागे वेणीवाला. या वेळी छातीवर ऑल्बनी नाही, होडिनोशोनींचा जांभळा रंग.)

२०२८ च्या उन्हाळ्यात लाइल पस्तीस वर्षांचा असेल. सहा जणांच्या लॅक्रॉसमध्ये मैदान लहान, पळापळ जास्त. पस्तिशीतल्या पायांना ते जड जातं. पण गोलच्या मागची जागा त्यातही असते.